दहावं नाव

आबा आमच्या संघाची एकही मॅच चुकवत नसत, आणि एकाही मॅचमध्ये त्यांनी चेंडूकडे पाहिलं नाही. हे मी रंगवून सांगत नाही. बास्केटबॉलच्या कोर्टाच्या कडेला चिंचेखाली ते उकिडवे बसायचे आणि त्यांची नजर खेळाडूंच्या कमरेच्या वर जायची नाही. बास्केट झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या की ते शेजाऱ्याला विचारायचे, "कुनी टाकला?" एकदा मी म्हटलं, "आबा, चेंडूकडे बघत नाही, मग खेळ काय कळतो तुम्हाला?" तर म्हणाले, "चेंडू काय, गोल असतोय, हिकडनं तिकडं जातोय. त्येला काय बघायचं? त्यो ज्याच्या पायानं जातोय ते पाय बगा की, मास्तर."

आबा संस्थानच्या पागेत चाबूकस्वार होते. कोरी शिंगरं माणसाळवायची, त्यांना लगामाची आणि खोगिराची सवय लावायची, हे त्यांचं काम. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडी लिलावात गेली आणि आबा घरी बसले. त्याच सुमाराला आमच्या पेठेतल्या मंडळाने बास्केटबॉलचं कोर्ट करायचं ठरवलं. आम्हाला जी मोकळी जागा मिळाली ती नेमकी आबांची होती. म्हणजे मालकीची नव्हे, पण वीस-पंचवीस वर्षं त्यांनी तिथे शिंगरं लांब दोरीवर गोल फिरवली होती. आम्ही मुरूम पसरून त्यावर रूळ ओढत होतो तेव्हा फेंगड्या पायांचा, विटलेली खाकी ब्रीचेस घातलेला हा माणूस येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी टाचेने मुरूम उकरला, चिमटीत घेऊन पाहिला आणि म्हणाले, "लई दाबू नगासा. पायाचं वाटोळं हुईल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ते चिंचेखाली हजर होते आणि पुढची नऊ-दहा वर्षं तसेच येत राहिले.

मी तेव्हा चोविशीत होतो. शाळेत नुकताच लागलो होतो आणि मंडळाच्या संघाचा सेक्रेटरी झालो होतो. सेक्रेटरी म्हणजे कोर्टावर पाणी मारण्यापासून स्पर्धेला जाणाऱ्या दहा जणांची यादी लिहून खाली सही करण्यापर्यंत सगळं. खेळ पेठेला नवा होता. कुस्ती आणि फुटबॉल सोडून आम्ही हे टोपलीत चेंडू टाकायचं काय काढलंय, असं तालमीतले लोक तोंडावर विचारत. रिंगा आम्ही ओळखीच्या लोहाराकडून करून घेतल्या होत्या. त्याने माप ऐकलं, मान हलवली आणि आपल्या अंदाजाने केल्या. त्या दोन बोटं लहान होत्या, हे आम्हाला पहिल्यांदा सांगलीला खेळायला गेलो तेव्हा कळलं. तिथल्या रिंगा आमच्या पोरांना विहिरीएवढ्या वाटल्या आणि आम्ही पहिलीच मॅच दणक्यात जिंकलो. परत आल्यावर कमिटीने ठराव केला की रिंगा बदलायच्या नाहीत.

आबांना पोराचं वय कागदावर पटायचं नाही. त्या काळी खेड्यातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी एक जून टाकलेली असे, त्यामुळे कागदाचा भरवसा मलाही नव्हता. पण आबा थेट दात बघायचे. एकदा सोळा वर्षांखालच्यांची मॅच होती आणि समोरच्या संघात ओठांवर मिसरूड फुटलेला एक दांडगा गडी दाखल्यासकट उभा होता. आबांनी कुठून तरी उसाचं कांडं आणलं, "घ्या पावणं, खावा" म्हणून त्याच्या हातात दिलं, आणि तो सोलायला लागला तसे हे वाकून त्याच्या जबड्यात बघायला लागले. मग पंचांकडे जाऊन म्हणाले, "अक्कलदाढ आलीया ह्येला. ह्यो सोळाचा कसा?" पंच म्हणाले, दाखला आहे. "कागूद खेळनार हाय का त्वांड?" आबांनी विचारलं. पंच हसले, गडी खेळला आणि आम्ही हरलो. पण तो जितका वेळ कोर्टावर होता तितका वेळ त्याने तोंड मिटून घेतलं होतं.

पोरांविषयी बोलताना आबा पागेतलेच शब्द वापरायचे, हे मात्र सगळ्यांना सोसायचं नाही. आमचा कप्तान दत्ता. त्याच्या आईला एकदा ते कौतुकाने म्हणाले, "आक्का, जनावर चांगलं हाय तुमचं, पर खूर नाजूक हाईत." त्या माउलीने महिनाभर दत्ताला मैदानावर पाठवला नाही. मी तिच्याकडे जाऊन समजूत घातली. आबांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पागेत याहून मोठी तारीफ नव्हती, असं ते म्हणत.

दसऱ्यानंतर स्पर्धांचा हंगाम सुरू व्हायचा. त्याआधी आम्ही दहा जणांची यादी करायचो आणि ती हंगामभर चालायची. त्या यादीबद्दल आबांचं एक ठाम मत होतं. नऊ नावं या सालासाठी लिहा, दहावं पुढल्या सालासाठी. म्हणजे दहावा पोरगा असा घ्या की ज्याच्यात दम आहे पण जो अजून कच्चा आहे. त्याला संघाबरोबर न्या, बरोबर जेवू घाला, सराव करू द्या, पण मॅचमध्ये घालू नका. "अंगात आलंया म्हनून तीन वर्साच्या आत पाठीवर खोगीर टाकू न्हाय. पळंल की, झकास पळंल. पर म्होरल्या साली बसंल." दत्ताला हे अजिबात मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, दहा जागा आहेत तर दहा खेळणारे घ्या, बाकावर शोभेला पोर कशाला बसवायचं? दोघांच्यात यावरून दरवर्षी जुंपायची. आबा कमिटीत नव्हते, मंडळाचे सभासदसुद्धा नव्हते, नुसते बघायला येणारे. तरी यादी करायच्या दिवशी मी कागद घेऊन चिंचेखालीच बसायचो.

याचं कारण चंदर. चंदर तांबटाचा पोरगा, पाय लांब आणि ते कुठे टाकायचे याचा पत्ता नसलेला. चालताना स्वतःच्याच पायात अडखळायचा. आबा म्हणाले, ह्येला दहावा घ्या. दत्ता रागावून दोन दिवस सरावाला आला नाही. चंदर वर्षभर बाकावर बसला. रोज आबा त्याला कोर्टाभोवती गोल चालवायचे, आधी डाव्या अंगाने मग उजव्या, शिंगरांना फिरवत तसं. पुढच्या हंगामात चंदरसारखा खेळाडू आमच्याकडे दुसरा नव्हता, हे दत्तानेच कबूल केलं. तेव्हापासून दहाव्या नावाबाबत मी आबांचा शब्द मोडला नाही. त्यांचे अंदाज चुकायचेही. एका पोराला त्यांनी 'मान आखूड' म्हणून नाकारलं, तो राजारामपुरीकडून खेळायला लागला आणि त्याने आम्हाला लागोपाठ दोन वर्षं धुतलं. आबांना त्याचं काही वाटलं नाही. मॅच संपल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारून आले आणि मला म्हणाले, "मान आखूडच हाय, पर चालतंय की."

महादूलाही आबांनीच हेरलं. शाळेची कवायत चालली होती, आबा कुंपणाबाहेर उभे होते. मला हाताने बोलावून म्हणाले, "त्यो तिसऱ्या रांगतला कोन हाय?" तो माझ्याच वर्गातला, म्हणजे मॅट्रिकच्या. गारगोटीकडच्या खेड्यातला, कोल्हापुरात बोर्डिंगात राहणारा. उंच, अबोल, आणि हात असे की चेंडू एका पंजात धरून ठेवायचा. आम्ही त्याला कोर्टावर आणला. पंधरा दिवसांत तो संघातल्या निम्म्या पोरांपेक्षा बरा खेळायला लागला. दत्ता खूश झाला, म्हणाला, हा पहिल्या पाचांत. आबांनी महादूला चिंचेखाली बसवलं, पाय लांब करायला लावला आणि गुडघ्याच्या वाटीखाली अंगठ्याने दाबलं. पोरगा कळवळला. "कच्चा हाय," आबा म्हणाले. "अजून वाढतोया. ह्या सालाला जुंपू नगासा. दहावा घ्या. म्होरल्या साली ह्येच्या तोडीचा जिल्ह्यात गावायचा न्हाय." मी दहावं नाव महादूचं लिहिलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला माहीत होती आणि आबांना नव्हती. महादूला वडील नव्हते. चुलत्याने त्याला मॅट्रिकपर्यंत शिकवायचं कबूल केलं होतं. पुढे नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गावी येऊन औत धरायचं, असं ठरलं होतं. हे चुलत्याने माझ्यासमोर, शाळेच्या व्हरांड्यात त्याला सांगितलं होतं. शिवाय त्या वर्षी सांगलीच्या स्पर्धेला मुंबईच्या एका गिरणीचा माणूस येणार अशी बातमी होती. गिरणीचा स्वतःचा संघ होता आणि चांगला खेळणाऱ्याला ते नोकरीसकट उचलत. सांगलीला जायच्या आदल्या दिवशी महादू माझ्याकडे आला. वर्गात न बोलणारा पोरगा, सरळ म्हणाला, "मास्तर, मला खेळू द्या की. धाच मिंटं." मी म्हटलं, बघू. आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "पोरं अशी मागं लागत्यातच. चंदर लागला न्हवता?" लागला होता, हे खरं होतं. चुलत्याचं आणि गिरणीचं मी आबांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आबांचं मत बरोबर असतं असं एकदा ठरवल्यावर मला ते पुन्हा तपासायचं नव्हतं, एवढंच उत्तर मला सापडलं. आणि ते सोयीचंही होतं.

अंतिम सामन्यात आमचे चौघे पाच-पाच फाउल करून बाहेर गेले. सात-आठ मिनिटं उरली होती आणि आम्ही दोन गुणांनी मागे होतो. बाकावर एक जुना, दमलेला खेळाडू आणि महादू. महादूने अंगावरचा सदरा आधीच काढून ठेवला होता. दत्ता कोर्टातून ओरडत होता, "त्याला पाठव." मी मागे वळून बघितलं. आबांनी मान हलवली, नाही. मी जुन्याला पाठवला. आम्ही चार गुणांनी हरलो. गिरणीचा माणूस खेळ संपल्यावर आला आणि त्याने चंदरला बाजूला घेऊन नाव-पत्ता लिहून घेतला. महादूने सदरा अंगात घातला, चंदरला पाणी आणून दिलं आणि सगळ्यांच्या पिशव्या बांधायला लागला. येताना गाडीत आबा माझ्या शेजारी बसले होते. ते चंदरवर खूश होते आणि महादूवरही. "बगा मास्तर, एका सालात काय हुतंय ते. म्होरल्या साली म्हादू."

महादू मॅट्रिक पास झाला. मला पेढे द्यायला आला, पाया पडला आणि गावी गेला. मी त्याला म्हणालो, अधूनमधून येत जा. तो हो म्हणाला.

पुढच्या दसऱ्याच्या आधी मी यादीचा कागद घेऊन चिंचेखाली बसलो, तेव्हा आबांनी पहिल्यांदा विचारलं, "म्हादू कुटं हाय? पाऊस सरला तरी दिसंना."

"तो गावी गेला, आबा. चुलत्याने नेलं."

"मंग आनूया की."

"कसा आणणार? बोर्डिंग संपलं त्याचं. इथे राहणार कुठे, खाणार काय?"

आबा म्हणाले, "पर म्होरलं साल त्येचंच हुतं न्हवं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चुलत्याचं, गिरणीचं, दहा मिनिटांचं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमास्नी हे ठावं हुतं?"

"हो."

माझ्यावर ते रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. मुरमावर बोटाने रेघ ओढत म्हणाले, "शिंगराला वैरन सरकारची असत्या, मास्तर. एक साल खाऊन उबं ऱ्हायलं तर कुनाचं काय जातंय? पोराचं तसं न्हाय. ह्ये माज्या टकुऱ्यात आलंच न्हाय बगा." माझी यादी त्या दिवशी अर्धवटच राहिली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता चिंचेखाली कोणी नव्हतं. आबा गारगोटीच्या एस.टी.त बसून गेले होते. त्या वयात, कमरेच्या दुखण्यासकट, पुढची वाट पायी तुडवून ते महादूच्या गावात पोचले. तिसऱ्या दिवशी परत आले. मी विचारलं, भेटला का? ते म्हणाले, "भेटला. नांगरट चालली हुती. गुडगा भरलाय त्येचा. नामी भरलाय." आणखी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत आपणही जाऊन यावं असं माझ्या मनात होतं. मग सुट्टीत पेपर तपासायचे निघाले, नंतर स्पर्धा आल्या, आणि मग इतके दिवस झाल्यावर जाणं अवघड वाटायला लागलं.

आबा त्यानंतरही येत राहिले, पण पोराकडे बघायची त्यांची तऱ्हा बदलली. नवा पोरगा आला की त्याचे पाय बघायच्या आधी ते त्याला शेजारी बसवून विचारायचे, "घरात मिळवतं कोन? म्होरल्या साली तू हितं असशील का?" ज्याला पुढचं साल नाही त्याला ते म्हणत, ह्येला आत्ता खेळवा. मग तो कच्चा असो, पाय वाकडे असोत. त्या पायी आम्ही काही मॅचेस हरलो. दत्ता म्हणायचा, म्हातारं मऊ पडलं. दहाव्या जागेचं त्यांनी परत कधी नाव काढलं नाही. मी पुढे तीस वर्षं शाळेच्या पोरांचे संघ निवडले आणि प्रत्येक पोराला आधी हेच दोन प्रश्न विचारले. लोक मला म्हणायचे, सर, तुम्ही पोरांच्या घरची किती चौकशी करता. मी ऐकून घ्यायचो. ही रीत माझी नाही, हे सांगायचं अनेकदा राहून गेलं.

आबा गेले ते दम्याने. आमच्या पेठेतले लोक होते, मंडळाची पोरं होती, पागेत घोडी राखणारे दोन म्हातारे मोतद्दारही आले होते. पंचगंगेच्या घाटावर मला महादू दिसला. अंगाने भरला होता, डोक्याला पटका होता. कुणाकडून तरी निरोप कळून तो सकाळच्या गाडीने आला होता. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघे घाटाच्या पायऱ्या चढून वर आलो. आबांबद्दल काही बोललो, त्याच्या शेताबद्दल बोललो. मग मला राहवलं नाही.

"महादू," मी म्हणालो, "सांगलीला तुला बसवलं ते मी. आबांनी नुसती मान हलवली. ते बघायला आले होते, निर्णय माझा होता."

"ठावं हाय की, मास्तर. यादीवर सही तुमचीच असायची."

"मग आबांना तसं सांगायचं होतंस. ते सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसले."

"सांगिटलं की. त्ये गावाकडं आल्तं तवाच सांगिटलं, आबा, तुमचं कायबी चुकलं न्हाय, तुमास्नी ठावंच न्हवतं. तरीबी माफी मागूनच गेलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. वर्गात हजेरी देतानाच्या आवाजात तो पुढे म्हणाला, "मला वाटलं, आबा येऊन गेलं म्हंजे मागनं तुमीबी याल. आठ-धा दिस गाडीच्या टायमाला फाट्यावर जाऊन बसत हुतो."